खालच्या प्रावरणातले ‘लाल डोंगर’: भूकंपलहरींनी मोजलेले किती आणि अनुमानाने रंगवलेले किती?

प्रश्न – दगडवाचक

नमस्कार. मी वरिष्ठ महाविद्यालयात प्राकृतिक भूगोल शिकवतो. पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा घेताना आम्ही फळ्यावर अजूनही कवच, प्रावरण आणि गाभा ही एकाभोवती एक अशी वर्तुळे काढतो आणि २,९०० किलोमीटर जाडीच्या प्रावरणाला सगळीकडे एकच रंग देतो. गेल्या काही वर्षांत मात्र विद्यार्थी मोबाइलवर एक वेगळेच चित्र आणून दाखवतात. त्यात गाभ्याच्या पृष्ठभागावर दोन प्रचंड लाल डोंगर बसलेले असतात, एक आफ्रिकेखाली आणि दुसरा प्रशांत महासागराखाली. त्यांच्या पायथ्याशी काही गडद ठिपकेही असतात, आणि खाली ओळ असते की हे सारे भूकंपलहरींनी ‘दिसले’ आहे.

रशियातील कोला द्वीपकल्पावर माणसाने खोदलेले सर्वांत खोल विवर जेमतेम १२ किलोमीटरपर्यंत गेले. असे असताना त्याहून दोनशे पटींपेक्षा जास्त खोलीवरच्या डोंगरांच्या कडा इतक्या ठामपणे कशा काढल्या जातात, हे मला विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे सांगता यायला हवे. बहुतेक लेखांत रुग्णालयातल्या सीटी स्कॅनचे उदाहरण देऊन विषय संपवलेला असतो; ते उदाहरण कुठवर लागू पडते? शिवाय अपिकेंद्रापासून (भूकंपाच्या उगमाच्या थेट वरच्या ठिकाणापासून) साधारण १०३ अंशांच्या पुढे छायाप्रदेश सुरू होतो आणि तिथे एस (दुय्यम) लहरी पोहोचत नाहीत, असे आम्ही शिकवतो. पण गाभ्यालगतच्या या भागाचा अभ्यास नेमक्या त्याच अंतरावरच्या एस लहरींवरून होतो, असे मी एका ठिकाणी वाचले. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. थोडे गणित आले तरी चालेल.

उत्तर – लहरमापक

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून मुळापासून लिहितो. प्रत्यक्ष नोंद होते ती भूकंपमापकाखालच्या जमिनीच्या हालचालीची. त्या नोंदीतून आपण लहर कधी आली आणि तिचा आकार कसा होता, एवढेच वाचतो. त्यापुढचे सगळे, लाल रंगासकट, गणनेतून येते.

या पद्धतीचा पाया ज्यांनी घातला, त्यांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांचे नाव अग्रभागी आहे. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाच्या दूरदूरच्या नोंदी तपासून त्यांनी पी (प्राथमिक), एस आणि पृष्ठलहरी वेगवेगळ्या ओळखल्या, आणि १९०६ मध्ये लहरींच्या प्रवासकाळावरून पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले. पुढे भूकंपशास्त्रज्ञ गुटेनबर्ग यांनी त्या गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर निश्चित केली. आज आपल्याकडे खोलीनुसार वेग सांगणारी प्रमाण प्रारूपे आहेत. १९८१ मध्ये जेवोन्स्की आणि अँडरसन यांनी मांडलेले प्रारूप त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. त्यानुसार प्रावरणाच्या तळाशी पी लहरीचा वेग सेकंदाला सुमारे १३.७ किलोमीटर असतो आणि गाभ्यात शिरताच तो ८.१ वर येतो. एस लहरीचा वेग तळाशी सुमारे ७.३ असतो, पण बाह्य गाभा द्रवरूप असल्यामुळे तिथे ती लहर जातच नाही.

आता तफावतीचा हिशोब पाहू. प्रावरणाच्या तळाजवळून आडवे जाताना एखाद्या एस लहरीने १,००० किलोमीटर कापले, तर नेहमीच्या वेगाने तिला साधारण १३८ सेकंद लागतात. तो पट्टा ३ टक्के मंद असेल, तर तीच लहर सुमारे ४ सेकंद उशिरा येते. चांगल्या भूकंपमापन केंद्रावर एस लहरीच्या आगमनाची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत वाचता येते, त्यामुळे ४ सेकंदांचा उशीर हा डोळ्यांना दिसणारा, वादातीत आकडा असतो. वादाला जागा आहे ती तो उशीर मार्गात नेमका कुठे झाला, या प्रश्नावर. भूकंपाचे स्थान काही किलोमीटरने चुकले असेल किंवा केंद्राखालचे कवच जाड असेल, तरीही लहर उशिरा पोहोचते.

म्हणून एकाच भूकंपाच्या, एकाच केंद्रावर आलेल्या दोन लहरींची तुलना करण्याची युक्ती फार मोलाची ठरते. थेट आलेली एस आणि गाभ्याच्या सीमेवरून परावर्तित होऊन आलेली एससीएस, या दोघींचे मार्ग ६० ते ८० अंशांच्या अंतरावर उगमाजवळ आणि केंद्राजवळ जवळपास सारखे असतात. त्यांच्यात खरा फरक पडतो तो खोलवर. त्यामुळे दोघींच्या वेळांची वजाबाकी केली की वरच्या भागातल्या बहुतेक चुका कटतात आणि उरलेली तफावत मुख्यतः खालच्या प्रावरणाच्या नावावर टाकता येते. अशा हजारो वजाबाक्या, एकमेकींना छेदणाऱ्या मार्गांवरच्या, एकत्र सोडवल्या की त्रिमितीय नकाशा तयार होतो.

सीटी स्कॅनचे उदाहरण इथवर चालते, पुढे मात्र ते दिशाभूल करते. रुग्णालयात किरणांचा स्रोत कुठे ठेवायचा हे तंत्रज्ञ ठरवतो आणि तो सर्व बाजूंनी फिरवता येतो. आपल्याला भूकंप जिथे होतील तिथलेच घ्यावे लागतात, आणि ते बहुतांशी भूपट्टांच्या सीमांवर होतात. केंद्रे बहुतांशी जमिनीवर, त्यातही उत्तर गोलार्धात आहेत. दक्षिणेकडच्या महासागरांखालून जाणारे मार्ग विरळ आहेत. गणनेत एक बारकावा असा असतो की जिथून पुरेशा लहरी गेल्याच नाहीत, तिथे प्रारूप प्रमाण वेगाजवळच राहते. म्हणून नकाशावरच्या फिकट भागाचा अर्थ ‘इथे काही वेगळे नाही’ असा असू शकतो किंवा ‘इथली माहितीच नाही’ असाही. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे, कारण सुंदर रंगीत नकाशात ज्ञान आणि अज्ञान ही दोन्ही एकाच रंगात मिसळलेली असतात.

तरीही आफ्रिका आणि प्रशांत महासागराखालचे दोन मोठे मंदवेगी प्रदेश, म्हणजे चित्रातले लाल डोंगर, मी निःशंकपणे मोजलेल्यांत धरतो. १९८४ च्या जेवोन्स्कींच्या प्रारूपात, तुलनेने तुटपुंज्या नोंदी असतानाही, ते दिसले होते. त्यानंतर वेगवेगळ्या गटांनी, वेगवेगळ्या लहरी आणि वेगवेगळ्या गणनपद्धती वापरून काढलेल्या प्रत्येक जागतिक नकाशात ते जवळपास त्याच जागी आले आहेत. आफ्रिकेखालचा प्रदेश सीमेपासून १,००० किलोमीटरच्याही वर पोहोचतो. त्याची कड धारदार असल्याचा पुरावाही स्वतंत्र आहे: दक्षिण आफ्रिकेतील केंद्रांवर, त्या कडेला चाटून येणाऱ्या एस लहरींच्या वेळा थोड्याशाच अंतरात झपकन बदलतात आणि काही वेळा एका ठोक्याचे दोन ठोके होतात. केवळ हळूहळू बदलणाऱ्या तापमानातून असे होणे कठीण आहे, असे २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी मांडले.

उत्तर – शेपटीतला ठोका

छायाप्रदेशाबद्दल मी लिहितो, कारण संकेतप्रक्रिया हे माझे रोजचे काम आहे आणि या विषयातला सर्वांत देखणा पुरावा त्या छायेतच सापडतो, असे माझे मत आहे.

पाठ्यपुस्तकातील छायाप्रदेश लहर म्हणजे केवळ किरण असे गृहीत धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात लहर ही लहर असल्यामुळे गाभ्याच्या कडेला स्पर्श करणारी एस लहर त्या वक्र पृष्ठभागाच्या लगतून पुढे वळत जाते आणि वाटेत थोडी थोडी ऊर्जा वर सोडत राहते. या विवर्तित लहरीला आम्ही ‘एस-डिफ’ म्हणतो. ती दुबळी असते, तिच्यातली जलद कंपने गळून गेलेली असतात, पण १०३ अंशांच्या बरीच पुढेपर्यंत ती स्पष्ट ओळखू येते. तिने प्रावरणाच्या अगदी तळाशी शेकडो किलोमीटरचा, कधी त्याहूनही लांबचा प्रवास केलेला असतो, त्यामुळे त्या तळाची तिच्याइतकी साक्ष दुसरी कुठलीच लहर देऊ शकत नाही.

नोंद कशी वाचतात, ते जवळून पाहू. भूकंपमापक जमिनीची हालचाल तीन दिशांनी नोंदवतो. आडव्या दोन नोंदी फिरवून घेतल्या की एक भूकंपाच्या दिशेला समांतर आणि दुसरी तिला काटकोनात असलेली मिळते. या काटकोनातल्या नोंदीत गाभ्यातून पी रूपाने येणारी एसकेएस लहर जवळजवळ नसते, त्यामुळे एस-डिफचा ठोका एकटा आणि स्वच्छ दिसतो. मग एकाच भूकंपाच्या अनेक केंद्रांवरच्या नोंदी दिशेच्या क्रमाने एकाखाली एक मांडतात आणि पहिला ठोका सगळ्यांत एका रेषेत आणतात. आता नजर त्या ठोक्यामागच्या भागावर ठेवायची. बहुतेक नोंदींमध्ये तिथे किरकोळ थरथर असते, पण ठरावीक दिशांच्या नोंदींत साधारण अर्ध्या मिनिटाने किंवा त्याहून जरा उशिराने दुसरा, लहानसा ठोका उभा राहतो, आणि दिशा बदलेल तसा त्याचा उशीर एका गुळगुळीत वक्ररेषेवर सरकत जातो. त्या वक्ररेषेचा आकारच सांगतो की वाटेत बाजूला कुठे तरी एक अतिमंद गोळा आहे, आणि लहरीचा काही भाग त्यात अडकून, वळून, मागाहून येतो आहे.

हवाईचे उदाहरण या पद्धतीचे उत्तम फळ आहे. अमेरिकेत ‘यूएसअ‍ॅरे’ नावाचे सुमारे ४०० फिरते भूकंपमापक साधारण ७० किलोमीटरच्या अंतराने मांडून पश्चिमेकडून पूर्वेकडे टप्प्याटप्प्याने सरकवले गेले. पापुआ न्यू गिनीच्या बाजूच्या भूकंपांच्या लहरी हवाईखालून जाऊन या जाळ्यावर आल्या, तेव्हा मागचा ठोका अनेक शेजारी केंद्रांवर सलग दिसला. २०१२ मध्ये सान कोटार आणि बार्बरा रोमानोविच यांनी त्यावरून हवाई बेटांच्या जरा नैर्ऋत्येला, गाभ्याच्या सीमेवर बसलेला, सुमारे ९०० किलोमीटर व्यासाचा पण अवघा २० किलोमीटर उंचीचा अतिमंद प्रदेश दाखवला, ज्यात एस लहरीचा वेग सुमारे २० टक्क्यांनी घटतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या चित्रातले गडद ठिपके ते हेच.

पुढे २०२० मध्ये मेरिलँड आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील संशोधकांनी, इतर सहकाऱ्यांसह, एक निराळा मार्ग धरला. प्रशांत महासागराखालून गेलेल्या सुमारे ७,००० एस-डिफ नोंदी त्यांनी एकत्र घेतल्या आणि मूळ खगोलशास्त्राच्या विदेसाठी विकसित केलेल्या ‘सीक्वेन्सर’ नावाच्या गणनविधीकडे सोपवल्या. हा गणनविधी नोंदींना एकमेकींशी असलेल्या साम्यानुसार क्रमाने लावतो. काय शोधायचे हे त्याला आधी सांगावे लागत नाही. क्रम लागल्यावर मागचे ठोके सुट्या नोंदींत न कळणाऱ्या संख्येने उठून आले. हवाईखालचा प्रदेश आधी वाटला होता त्याहून मोठा निघाला, आणि दक्षिण प्रशांतातील मार्केसास बेटांखाली पूर्वी माहीत नसलेला असाच एक मोठा प्रदेश सापडला. यात एकही नवा भूकंपमापक बसवावा लागला नाही, जुन्याच नोंदी होत्या. मला या कामाचे सर्वाधिक मोल त्यामुळेच वाटते.

मर्यादाही सांगायला हवी. दहा सेकंदांच्या आवर्तनकाळाच्या एस लहरीची तरंगलांबी तळाशी ७० किलोमीटरच्या वर असते. वीस किलोमीटर उंचीचा थर त्या लहरीला एकटा, कडेसह, दिसत नाही. त्याचा एकत्रित परिणाम दिसतो. त्यामुळे २० किलोमीटर उंची आणि २० टक्के घट या जोडीऐवजी थोडी जास्त उंची आणि थोडी कमी घट अशी जोडीही बऱ्याच अंशी तोच ठोका देऊ शकते. चित्रात ठिपका काढताना त्याची कड रेघेने रेखाटली जाते; नोंदीत ती कड तेवढी रेखीव नसते.

प्रतिसाद – दगडवाचक

दोघांचाही आभारी आहे. छायाप्रदेशाच्या कडेची ही बाजू मला पूर्णपणे नवी आहे. आता एक पुढचा प्रश्न विचारतो. मंद वेग म्हणजे उष्ण खडक, असे थेट म्हणता येते का? आणि आपण ज्या दख्खनच्या पठारावर राहतो, त्या बसाल्टचा उगम या आफ्रिकी डोंगराशी जोडला जातो, ते कितपत खरे मानावे? सह्याद्रीतील सहलीत विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात.

उत्तर – निळा बसाल्ट

नकाशातला लाल रंग ‘सावकाश’ एवढेच सांगतो. खडक तापला की त्याची दृढता कमी होते आणि एस लहर मंदावते, हे खरे. पण खडकात लोहाचे प्रमाण वाढले तरीही ती मंदावते, आणि थोडासा भाग वितळलेला असेल तर बरीच जास्त मंदावते. खालचे प्रावरण मुख्यतः ब्रिजमनाइट या खनिजाचे आहे. तळाजवळच्या दाबाला, म्हणजे सुमारे सव्वाशे गिगापास्कलला, ते ‘पोस्ट-पेरोव्हस्काइट’ या दाट रूपात बदलते, असे २००४ मध्ये जपानी संशोधकांनी हिऱ्याच्या ऐरणींमध्ये नमुना दाबून दाखवले. त्यामुळे वेगातला बदल तापमानाचा, रासायनिक घडणीचा की खनिजाच्या रूपाचा, याची फोड केवळ वेगावरून करता येत नाही.

ही फोड करण्यासाठी घनता हवी, आणि तिथेच खरी चुरस आहे. हे दोन प्रदेश केवळ उष्ण असतील तर ते भोवतालापेक्षा हलके असणार आणि वर चढत राहणार. घडणीनेच जड असतील तर ते कोट्यवधी वर्षे तळाशी बसून राहू शकतात. मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी मंदपणे कंप पावते. सर्वांत मोठ्या आवर्तनकाळाचे कंपन तब्बल ५४ मिनिटांचे असते. या कंपनांवर घनतेचाही प्रभाव पडतो. २०१७ मध्ये एका गटाने गाभ्याच्या सीमेवर एकवटणाऱ्या कंपनांवरून हे प्रदेश एकंदरीत हलके असल्याचा निष्कर्ष काढला, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाने चंद्र-सूर्याच्या ओढीने घन पृथ्वीला येणाऱ्या भरतीची जीपीएसने घेतलेली मोजमापे वापरून त्यांचा खालचा भाग जड असल्याचे मांडले. तळाशी जड असा एक मर्यादित थर आणि त्यावर उष्ण, हलका भाग, अशी तडजोड अनेकांना पटते आणि मलाही तीच सर्वांत संभाव्य वाटते. पण वर्गात शिकवताना हा प्रश्न उघडा आहे असेच सांगावे. हे प्रदेश म्हणजे चंद्र ज्या टकरीतून जन्मला त्या टकरीत पृथ्वीत घुसलेल्या ग्रहाचे अवशेष, असा विचार २०२३ मध्ये मांडला गेला. तो विचारप्रवर्तक आहे, परंतु भूकंपलहरींनी तो सिद्ध केला असे कोणी म्हणत असेल तर ते अतिशयोक्त आहे.

आता दख्खनविषयी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आजच्या रीयुनियन बेटाजवळच्या उष्ण स्थानावरून सरकत असताना आपला बसाल्ट वर आला, आणि पुढे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस असा ज्वालामुखींचा माग राहिला, ही जोडणी भक्कम आहे. त्या उष्ण स्थानाची मुळे किती खोल आहेत, हे पाहण्यासाठी फ्रेंच आणि जर्मन संशोधकांनी २०१२-१३ मध्ये रीयुनियनभोवती समुद्रतळावर ५७ भूकंपमापक ठेवले. त्यांच्या आणि इतर नोंदींतून २०२१ मध्ये जे चित्र पुढे आले, ते पाठ्यपुस्तकातल्या सरळ उभ्या स्तंभाचे नाही. आफ्रिकेखालच्या मंदवेगी प्रदेशातून एक रुंद भाग वर चढतो आणि त्याला तिरप्या जाणाऱ्या फांद्या फुटतात, ज्यांतली एक रीयुनियनकडे येते. त्यामुळे आजच्या रीयुनियनचे नाते त्या प्रदेशाशी आहे, हे म्हणायला लहरींचा आधार आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे नाते मात्र भूपट्ट मागे सरकवून आणि खालचा प्रदेश तेव्हाही तिथेच होता असे मानून जोडलेले आहे. मोठे लाव्हा प्रदेश पूर्वस्थानी ठेवले तर ते या मंदवेगी प्रदेशांच्या कडांवर येतात, असे भूवैज्ञानिक टॉर्सविक आणि बर्क यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. पण ते कडांवर येतात की एकूण प्रदेशावर कुठेही येतात, हे उपलब्ध नमुन्यांच्या संख्येवरून निर्णायकपणे सांगता येत नाही, असा आक्षेप संख्याशास्त्राच्या बाजूने घेतला गेला आहे आणि तो मला रास्त वाटतो.

आपल्याकडचा आणखी एक दुवा विद्यार्थ्यांना जास्त जवळचा वाटेल. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात भूआभाची (गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या सरासरी समुद्रपृष्ठाची) पातळी भोवतालापेक्षा इतकी खाली आहे की ती जगात नीचतम ठरते, आदर्श लंबगोलापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी २०२३ मध्ये गणनेतून दाखवले की टेथिस या प्राचीन, आता नाहीशा झालेल्या समुद्राचा बुडालेला तळ खालच्या प्रावरणात पोहोचून आफ्रिकी मंदवेगी प्रदेशाला ढवळतो, त्यातून उठलेले उष्ण द्रव्य हिंदी महासागराखाली पसरते आणि ही खोलगट जागा तयार होते. तो बुडालेला टेथिसचा तळ भारताखाली वेगवान, म्हणजे नकाशावर निळ्या, पट्ट्यांच्या रूपाने १९९९ मध्येच लहरींच्या टोमोग्राफीत (वर सांगितलेल्या त्रिमितीय नकाशात) ओळखला गेला होता.

उत्तर – लहरमापक

वर्गासाठी एक उपयोगी सूचना करतो. फिजी-टोंगा भागात ५०० ते ६०० किलोमीटर खोलीवर मोठे भूकंप होत असतात. १९ ऑगस्ट २०१८ चा ८.२ तीव्रतेचा भूकंप त्यांपैकीच. अशा खोल भूकंपांत पृष्ठलहरी क्षीण असतात आणि एस लहर विस्कळीत अशा वरच्या प्रावरणातून फक्त एकदाच, केंद्राच्या बाजूने, वर येते, म्हणून तिचा ठोका स्वच्छ असतो. तिथून हैदराबादचे अंतर सुमारे १०७ अंश आणि पुण्याचे सुमारे ११२ अंश भरते. म्हणजे आपण नेमके छायाप्रदेशात असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले केंद्र ‘जिओस्कोप’ या भूकंपमापकांच्या फ्रेंच जाळ्याचा भाग आहे आणि या जाळ्याच्या नोंदी कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात.

या अंतरावरची नोंद घेऊन काटकोनातली दिशा काढा. भूकंपानंतर सुमारे चोवीस मिनिटांच्या आसपास एस-डिफचा ठोका शोधा. भूकंपाच्या दिशेला समांतर असलेल्या नोंदीत त्याच्या जरा आधी एसकेएस येऊन गेलेली दिसेल. ही एस-डिफ पूर्व इंडोनेशियाच्या खाली गाभ्याला लगटून काही शे किलोमीटर चालत आलेली असते. प्रमाण प्रारूपाने दिलेली वेळ शेजारी लिहून विद्यार्थ्यांना सेकंदांची वजाबाकी करू द्या. मग त्याच भूकंपाची ७० अंशांच्या आसपासच्या एखाद्या केंद्रावरची नोंद देऊन एस आणि एससीएस वेगळ्या ओळखायला सांगा. फळ्यावरच्या आकृतीत छायाप्रदेशाची कड ठळक रेघेने न काढता १०३ अंशांपासून पुढे विरळ होत जाणाऱ्या रेघांनी काढली, तर आकृती नोंदीशी जुळेल.

प्रतिसाद – दगडवाचक

येत्या सत्रात हा प्रयोग नक्की घेतो आणि विद्यार्थ्यांनी काढलेली तफावत, मूळ नोंदीच्या चित्रासह, याच धाग्यावर देतो. नोंद फिरवण्याची गणनेची पायरी त्यांना हातानेच करू द्यावी की तयार आज्ञावली वापरावी?

उत्तर – शेपटीतला ठोका

पहिल्यांदा हाताने करू द्या. भूकंपाची दिशा काढून दोन नोंदींना साइन आणि कोसाइनने गुणून बेरीज-वजाबाकी करायची असते, ते साध्या स्प्रेडशीटमध्ये होते. दिशा मुद्दाम वीस अंशांनी चुकवून पाहायला सांगा. एसकेएस लगेच काटकोनातल्या नोंदीत पाझरते आणि ती वेगळी काढणे का आवश्यक आहे हे त्यांना आपोआप कळते. त्यानंतर तयार आज्ञावली खुशाल वापरा.